शेवटच्या दोन वर्षांविषयी

सोमवार, १४ मार्च
दुपारी, ऑफिसातून

चि. बेबी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकीचा बरा आहे. तू आणि तुझा दवाखाना दोघंही नीट चालत असाल असं धरून पुढे लिहितो. माझं अक्षर तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझ्या शाळेच्या अर्जांवर पालकांच्या सहीखेरीज सगळं मीच भरायचो. त्यामुळे पाकिटावर नाव नसलं तरी पत्र कुणाचं ते तू ओळखशील. ओळखून फोडलंस, एवढंच पुष्कळ झालं.

महिनाअखेर ऑफिस रिकामं करून द्यायचं आहे. साहेबांना, तुझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने होत आले, त्यामुळे घरमालकाचं काही चुकत नाही. तेवीस वर्षांच्या फायली आहेत. कुणी म्हणतं रद्दीत घाला, कुणी म्हणतं वाचनालयाला द्या. वाचनालयवाले म्हणतात, आमच्याकडे पुस्तकांनाच जागा नाही. मी रोज येतो, चार गठ्ठे सोडतो आणि तीन परत बांधतो. बाहेरच्या बाकावर अजून दोघं-तिघं येऊन बसतात. साहेब गेले हे त्यांना माहीत आहे. तरी विचारतात, "मग आता कुणाला भेटायचं?" मी पाण्याचा तांब्या पुढे करतो.

गेल्या मंगळवारी सभागृहात साहेबांवर शोकप्रस्ताव झाला. तुला आमंत्रण गेलं होतं, पण तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललो होतो. अंत्यविधीला आलीस, एका कडेला उभी राहिलीस आणि कुणाशी न बोलता गेलीस. त्या दिवशी तू माझ्यासमोरून गेलीस तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला होता. चष्मा स्वच्छ होता.

तर शोकप्रस्ताव. अध्यक्षांनी जीवनपट वाचला. मीच लिहून पाठवलेलं पान. विरोधी पक्षनेते म्हणाले, "तेवीस वर्षांत या माणसानं आवाज चढवला नाही, पण तो बोलायला उठला की आम्हाला डुलकी काढायची सोय राहत नसे." सगळे हसले. त्या जागेवर हसू फुटलं हे साहेबांनाही आवडलं असतं. मग वीजमंत्री उठले. म्हणाले, "शेवटच्या काळात तर ते मीपणापलीकडे गेले होते. स्वतःच आणलेल्या कायद्यातली दुरुस्ती त्यांनी हसतमुखानं स्वीकारली. एवढा मोठेपणा आज कुठं दिसतो?" बाकं वाजली. वर गॅलरीत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

आता स्मृतिग्रंथ निघतोय. 'जीवन आणि कार्य' असं वीस पानी प्रकरण मी लिहावं अशी समितीची इच्छा. एकवीस वर्षं मी चार दिवसांत लिहून काढली. शेवटची दोन काही लिहवत नाहीत. म्हटलं, ती आधी तुला लिहावीत.

पण तिथवर यायला मला थोडं मागून यावं लागेल. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी ऐक.

तुझे वडील लाइनमन होते तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हतो. त्यांचा जोडीदार खांबावर चढला असताना उपकेंद्रातून कुणीतरी लाइन चालू केली. खालून सांगितलं एक, फोनवर ऐकलं गेलं दुसरं. जोडीदाराला खाली उतरवलं तुझ्या वडिलांनीच. त्यानंतर ते वीज कंपनीच्या फाटकासमोर एकेचाळीस दिवस बसले. मागणी एकच: जो खांबावर चढेल त्यानं आधी उपकेंद्रात जाऊन स्विचला कुलूप घालावं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी. साहेबलोक म्हणाले, यात वेळ जातो. तुझे वडील म्हणाले, "जीव ज्याचा वर, किल्ली त्याच्या खिशात." या एका वाक्यावर ते निवडणुकीला उभे राहिले. पहिल्यांदा सपाटून पडले. दुसऱ्यांदा निवडून आले, आणि मला त्यांनी वीज कंपनीच्याच टपालशाखेतून उचलून आणलं. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि मला पाहिल्याबरोबर म्हणाली होतीस, "हे काका हसत का नाहीत?"

कायदा व्हायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत त्यांनी तो पाच वेळा मांडला. दर वेळी आपटून आले की म्हणायचे, "सेक्रेटरी, कार्बन घाला." मला ते कायम सेक्रेटरी म्हणायचे. हुद्दा स्वीय सहायकाचा, पण त्यांना तो शब्द उच्चारायचा कंटाळा.

एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या गल्लीतला दिवा तीन आठवडे बंद होता. साहेब स्वतः उपकेंद्रात गेले, वहीत सही केली, कुलूप घातलं, किल्ली घेतली आणि कडक इस्त्रीच्या कपड्यांत खांबावर चढले. वय चौपन्न. उपकेंद्राचा अधिकारी घाबरून म्हणाला, "साहेब, तुम्हाला कसली सही नि किल्ली?" वरून उत्तर आलं, "खांबाला आमदार कळत नाही." हे मी प्रकरणात लिहिलंय. तीस खाटांचं रुग्णालय लिहिलंय, पाण्याची टाकी लिहिलीय, रस्ते लिहिलेत. तुझी आई गेली त्या आठवड्यातही त्यांनी बाकावरच्या एकाही माणसाला परत पाठवलं नाही, तेही लिहिलंय. ते बरोबर होतं का, हे मात्र लिहिलं नाही.

बघ, अजून मी आजूबाजूलाच फिरतोय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमचा जन्म गेला.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, साहेबांनी सभागृहात एक पुरवणी प्रश्न विचारला. मंत्र्यांनी उत्तर दिलं. साहेब खाली बसले, पुन्हा उठले आणि तोच प्रश्न शब्दाला शब्द विचारला. सभागृहाला वाटलं, उत्तर टाळलंत हे दाखवायची ही नवी रीत आहे. टाळ्या पडल्या. वर्तमानपत्रात कौतुक आलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "माझा प्रश्न आज पुकारलाच नाही."

मी ते हसण्यावारी नेलं. मग नावं जायला लागली, मग वाटा. मग मी एक एक गोष्ट माझ्या अंगावर घेत गेलो. भाषणं दोन मिनिटांची केली. भेटायला येणाऱ्याचं नाव मी आधीच मोठ्यानं घ्यायचो, म्हणजे त्यांना ते घेता यायचं. पत्रं मी लिहायचो, ते सही करायचे. सही मात्र शेवटपर्यंत सुरेख येत होती. लोक म्हणायला लागले, साहेब आताशा कमी बोलतात आणि काम जास्त करतात. त्यांची सगळ्यात चांगली कारकीर्द म्हणून जी दोन वर्षं लोक सांगतात, ती या ऑफिसातल्या या खुर्चीत बसून मी चालवली. मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. हे खोडून टाकावंसं वाटतं, पण राहू दे.

मग जूनमध्ये तू आलीस. जे मी चार महिने झाकून ठेवलं होतं ते तुला दोन दिवसांत दिसलं. ऑफिसात येऊन तू दार लोटलंस आणि म्हणालीस, "काका, बाबांनी कालपासून मला तीनदा विचारलं, आई कुठं गेलीय. ते थकलेले नाहीत, आजारी आहेत. त्यांना राजीनामा द्यायला सांगा. मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. अजून वर्ष-दोन वर्षं ते मला ओळखतील."

मी म्हणालो, "थकलेत फक्त. अधिवेशन झालं की बघू."

तू म्हणालीस, "तुम्हाला कळतंय, काका. तुमच्या तोंडावर दिसतंय." आणि मग जरा निवळून इकडचं तिकडचं बोलत बसलीस. बोलता बोलता गंमत म्हणून सांगितलंस, की आपल्या विरोधात उभे राहिलेल्यांची सून तुझ्याकडे दाढ काढायला आली होती आणि खुर्चीत बसून तुला भीत होती. दोघंही हसलो.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला विचारलं, "बेबी काय म्हणत होती काल?" मी म्हणालो, "साहेब, त्यांच्या घरची माणसं ताईंच्या दवाखान्यात येऊन गेलीत म्हणे. आणि ताई म्हणतात, तुम्ही राजीनामा द्या." दोन्ही वाक्यं खरी होती. मी फक्त ती एकमेकांशेजारी ठेवली.

त्यानंतर चहाच्या टेबलावर जे झालं ते तू विसरली नसशील. "तू त्यांची माणूस झालीस. पुन्हा या घराचा उंबरा चढू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं, काका आता मध्ये पडतील. मी वर्तमानपत्र वाचत होतो. कुठली बातमी होती ते आजही सांगू शकतो. पाणीपट्टीची.

मी असं का केलं, हे तू विचारशील. तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, रुग्णालयासाठी. तीस खाटांच्या शंभर करायच्या, शस्त्रक्रियेची खोली आणायची, आणि फाईल वित्त खात्यात अडकलेली. आमदार बदलला की ती तळाला गेली असती. हे खोटं नाही. फाईल निघाली, शंभर खाटा मंजूर झाल्या. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं. साहेब तुझ्याकडे गेले असते, तर मी कुठं गेलो असतो? मला बायको-पोरं नाहीत. सकाळी दहाला उघडायचं हे एक दार होतं.

बेबी, तू सोमवारी गेलीस. गुरुवारी सकाळी साहेबांनी विचारलं, "बेबी उठली का?"

त्यांना भांडण आठवतच नव्हतं. तीन दिवसांत ते पुसून गेलं होतं. नंतरही कधी आठवलं नाही. तू मात्र चार महिने फोन करत राहिलीस. फोन मी घ्यायचो, आणि दर वेळी सांगायचो, "साहेब अजून रागात आहेत. थोडं थांब." एकदा तू फोनवर होतीस तेव्हा ते समोरच बसले होते, तुझं नाव ऐकून हात पुढे करत. मी फोन ठेवला आणि म्हणालो, राँग नंबर. तू आलीस तर तुला सगळं दिसेल, आणि तू गप्प बसणार नाहीस, या भीतीनं. मग फोन थांबले. वाढदिवसाला तू राखाडी स्वेटर पाठवलास, आत चिठ्ठी नव्हती. तो त्यांनी भर उन्हाळ्यातही अंगातून काढला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लेकीनं पाठवलाय." पावणेदोन वर्षं तू अशा बापाचा राग सोसलास, जो तुझ्यावर रागावलेलाच नव्हता.

हे एक झालं. दुसरं सभागृहातलं आहे, आणि ते आता फक्त आपल्या घरापुरतं राहिलेलं नाही.

मागच्या सप्टेंबरात वीज खात्याचं विधेयक आलं, त्यात बावीस कलमं. मी तेव्हा रुग्णालयाच्या फाईलमागे खाली-वर धावत होतो. विधेयक वाचलं नाही. पक्षाचा आदेश 'बाजूनं' असा होता, तेवढं त्यांच्या हातातल्या कागदावर लिहून दिलं आणि वित्त खात्यात गेलो. सोळाव्या कलमात कुलूप-किल्ली काढून टाकली होती. उपकेंद्राला फोनवरून कळवलं तरी पुरे, असं केलं होतं. साहेबांनी हात वर केला. युनियनच्या बाजूचे आमदार दुपारपर्यंत विरोधाला तयार होते. साहेबांचा हात बघून तेही खाली बसले. ज्यानं कायदा आणला तोच बाजूनं आहे म्हटल्यावर बोलणार कोण?

नोव्हेंबरात एका लाइनमनचा खांबावरच जीव गेला. फोनवर सांगितलं एक, ऐकलं दुसरं. सव्वीस वर्षांचा होता.

युनियनचे अध्यक्ष इथं आले. साहेबांबरोबर फाटकाबाहेर एकेचाळीस दिवस बसलेल्यांपैकी ते एक. उभ्याउभ्याच म्हणाले, "किल्ली तुम्हीच आमच्या खिशात घातलीत, तुम्हीच काढून घेतलीत. का ते तरी सांगा." साहेब प्रसन्न हसले. म्हणाले, "या, या. चहा घेणार ना?" चहा आला. तो तसाच टेबलावर ठेवून ते निघून गेले. जाताना माझ्याकडे बघितलं. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. तेव्हाही नाही उघडलं.

गॅलरीतून त्या मोठेपणाच्या टाळ्या ऐकल्यावर मात्र राहवेना. शुक्रवारी मी युनियनच्या ऑफिसात गेलो आणि सगळं लिहून दिलं. साहेबांना त्या दिवशी विधेयक कळण्याची स्थिती नव्हती, ती स्थिती मला ठाऊक होती आणि मी ती लपवली. सही माझी. युनियन ते विधिमंडळाच्या समितीपुढे ठेवून किल्लीचं कलम परत मागणार आहे. युनियनच्या अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "लोक साहेबांना वेडा म्हणतील." मी म्हणालो, "गद्दार म्हणण्यापेक्षा बरं." त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "आम्ही त्यांच्या अंत्यविधीला आलो नाही हो." मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मला प्यावाच लागला.

गुरुवारी हे वर्तमानपत्रात येईल. त्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून हे पत्र आजच टाकतोय. तुला विचारून करायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर निर्णय तुझ्यावर ढकलून मी मोकळा झालो असतो. तुझ्या दवाखान्यात लोक येतील, विचारतील. तुला जे खरं वाटेल ते सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

माफी मागत नाही. ती मागायची सोय मी ठेवलेली नाही. स्मृतिग्रंथातली शेवटची दोन वर्षं आता मी लिहीन, अशीच लिहीन. छापायची की नाही ते समितीनं ठरवावं.

एक राहिलं, आणि त्यासाठीच खरं तर सकाळपासून कागद पुढे ओढून बसलोय. डिसेंबरात एक दिवस मी ऑफिसात आलो, तर साहेब बाहेरच्या बाकावर लोकांच्या रांगेत बसलेले. कपडे नीट, स्वेटर अंगात, मांडीवर फायलीचं पुठ्ठ्याचं पाकीट. मी म्हणालो, "साहेब, आत चला." ते माझ्याकडे परक्यासारखं बघून म्हणाले, "साहेब आलेत का? मला त्यांना भेटायचंय. माझा नंबर येऊ दे, मी थांबतो."

बाकावरचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, "काय काम होतं?"

म्हणाले, "मुलगी घरी येत नाही. काय झालंय कळत नाही. साहेबांच्या शब्दाला वजन आहे, त्यांनी सांगितलं तर येईल."

सवयीनं तोंडातून निघालं, "अर्ज आणलाय का?" आणि त्यांनी तो आणला होता. मी घेतला, आवक शिक्का मारला आणि सांगितलं, "बघतो." ते उठले, हात जोडले आणि घरी गेले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, त्यांनीच बांधलेल्या त्या रुग्णालयात, न्यूमोनियाच्या तिसऱ्या दिवशी ते गेले.

अर्ज अर्ध्या पानाचा आहे. अक्षर त्यांचंच. वर 'मा. आमदारसाहेब यांस', खाली 'विषय : मुलगी घरी येणेबाबत'. पुढचं तू वाच. मी तो तीन महिने माझ्या खणात ठेवला. तो जायला हवा होता तुझ्याकडे, आणि तुझा पत्ता मला पहिल्या दिवसापासून पाठ होता.

जपून राहा. जेवणखाण वेळेवर करत जा.

ज्याला तू काका म्हणायचीस, तो

सोबत : एक अर्ज, मूळ प्रत.